पाकिटातलं नाव

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हा जगताप कोण, कुठला, पोटापाण्याला काय करतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? असा माणूसच नव्हता. गोष्ट लिहिली होती जयंत विष्णु नारळीकरांनी. आपल्या नावाची अक्षरं त्यांनी उलटी फिरवली, ज-वि-ना चं ना-वि-ज केलं आणि त्यातनं एक जगताप उभा केला. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळी गोष्ट पत्नीकडून, मंगलाताईंकडून, उतरवून घेतली.

कशासाठी एवढा खटाटोप? तर परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. केंब्रिजात फ्रेड हॉएलबरोबर काम केलेला, १९६५ साली सव्वीसाव्या वर्षीच पद्मभूषण मिळालेला हा माणूस. त्याचं नाव एवढं वजनदार की बिचारी गोष्ट त्याच्याखाली चेंगरून गेली असती.

नारळीकर जन्मले कोल्हापुरात, १९ जुलै १९३८ ला. २० मे २०२५ ला ते वारले. आमच्या जिल्ह्याचा माणूस म्हणून त्यांचा अभिमान मिरवणारे पुष्कळ. मला अभिमान वाटतो तो त्या बंद पाकिटाचा. बापाचं, आज्याचं, खानदानाचं नाव पुढं सरकवून रांग मोडायची, ही आपल्या देशाची रीत. इथं एका मोठ्या नावाच्या माणसानं स्वतःच्या हातानं नाव उतरून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, आता जोखा. हे रोज घडत नाही.

पण मी पडलो गिरणीतला माणूस. सूतगिरणीत रात्रपाळीला रिंग फ्रेमसमोर तुटलेले धागे सांधत फिरतो. हात धाग्यात असतात, डोकं रिकामं असतं. मोकळ्या डोक्यात एक प्रश्न घुसला आणि निघायला तयार नाही. नाव काढून ठेवणं ही गोष्ट सगळ्यांना सारखीच आहे का?

नारळीकरांनी नाव झाकलं, कारण नावाचा फायदा नको होता. आपली माणसं नाव झाकतात ती मार चुकवायला. शहरात खोली बघायला गेलेला आपला पोरगा पहिलं नाव मोठ्यानं सांगतो आणि आडनाव तोंडातल्या तोंडात गिळतो. कोल्हापूर जिल्ह्यात 'कांबळे' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही, समोरच्याचं सगळं विचारून झालेलं असतं. जगतापाचं पाकीट फोडलं तर आतून नारळीकर निघाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी, १९७५ ला, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. चांगलं झालं, गोष्ट त्या लायकीचीच होती. आमचं पाकीट फोडल्यावर आतून आम्हीच निघतो. मग टाळ्या वाजतात का?

हे मी हवेत बोलत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमची वस्ती. समाजमंदिरात आम्ही चार पोरांनी मिळून दोन फळ्यांचं वाचनालय चालवलंय. तिथं नववीतला एक पोरगा येतो. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नवरून मराठीत आणलेली 'चंद्रावर स्वारी' त्यानं तीनदा वाचली, नारळीकरांची 'प्रेषित' दोनदा. मग एक दिवस दोनशे पानी वही घेऊन आला. म्हणाला, "दादा, कादंबरी लिवलीया."

कादंबरी म्हणजे साठ-सत्तर पानांची. पण मित्रहो, काय लिवलीया! पन्हाळ्यावरची अंधारबाव तुम्ही बघितली असंल. वरून बघणाऱ्याला ती इमारत वाटते. आत तीन मजले खाली उतरत जायचं, आणि तळाला पाणी. या पोरानं कुठंतरी वाचलं होतं की गुरुत्वाकर्षण जास्त तिथं घड्याळ हळू चालतं. त्यानं बावीच्या तळाला एक जड वस्तू आणून ठेवली. आकाशातनं पडलेली, सुपारीएवढी, पण अख्ख्या डोंगराच्या वजनाची. आता सुपारीत डोंगर मावला तर ती सुपारी बावीत थांबेल कशी, जमीन फोडून खाली जाईल, असा प्रश्न मी त्याला विचारला. त्यानं दोन दिवस घेतले आणि उत्तर आणलं, की ती वस्तू ज्यांनी पाठवली त्यांनीच तिला धरून ठेवलीया. बरं, म्हटलं.

तर सुमन नावाची मुलगी हरवलेली शेळी शोधत बावीत उतरते. तळाला तिची पंधरा मिनिटं जातात. वर येते तेव्हा साठ वर्षं सरलेली असतात. पन्हाळ्यावर उडत्या गाड्या, तीन दरवाजाशी बोलणारा दगड. तो दगड आल्यागेल्याला इतिहास सांगतो. पुढं सुमन त्या वस्तूचा कसा छडा लावते, ज्यांनी पाठवली त्यांच्याशी कसं बोलते, शेळीचं काय होतं, ही सगळी साहसकथा. मी इथं सांगत नाही, तुम्ही पोराकडूनच वाचा. पण साठ वर्षांनी वर आलेल्या सुमनला तीन दरवाजाशी जो पहिला माणूस भेटतो, तो तिला काय विचारतो ठाऊक आहे? "कुणाची गं तू?"

आमच्याकडं हा प्रश्न साधा नसतो. 'कुणाची' म्हणजे कुठल्या घरची, कुठल्या वाड्याची, गावात की गावाबाहेर. पोरानं साठ वर्षं पुढची गाडी कल्पिली, बोलणारा दगड कल्पिला. हा प्रश्न नसलेली साठ वर्षं त्याला कल्पिता आली नाहीत. तो कमी पडला म्हणून नव्हे. त्यानं डोळ्यांनी बघितलं तेच लिहिलं. आणि सुमन उत्तर देते, "सुमन कांबळे. धाकटा वाडा." मान वर करून देते.

एका बालकादंबरी स्पर्धेची माहिती मिळाली. नियम बरा होता. कादंबरीवर लेखकाचं नाव घालायचं नाही, नाव-पत्ता वेगळ्या पाकिटात. नारळीकरांनी आपण होऊन केलं ते इथं नियमानं. पाठवण्याआधी पोरानं वही एका शिकल्या-सवरल्या माणसाला दाखवली. माणूस मनानं चांगला, पोराचं भलं व्हावं अशीच त्याची इच्छा. त्यानं वाचली, पाठ थोपटली, आणि म्हणाला, "झकास हाय. फक्त ते कांबळे काढ. नुसतं सुमन ठेव. पोरांच्या विज्ञानकथेत जात कशाला? बक्षीस मिळायचं तर तेवढं कर."

पोरगा माझ्याकडं आला. "दादा, काढू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्या माणसाचं म्हणणं खोडून टाकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. तुमच्यापैकीही काही जण हेच म्हणतील. आपल्याला जात मोडायची आहे. मग आडनावाचा हट्ट कशाला? विज्ञानकथा तर उद्याची गोष्ट सांगते, तो उद्या तरी स्वच्छ असू द्या. मी हा विचार चार रात्रपाळ्या चघळला.

मग वाचनालयाच्या फळीकडं बघितलं. मराठी मुलांच्या सगळ्यात लाडक्या नायकाचं नाव काय? फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे. आडनाव पुस्तकाच्या कपाळावर, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं त्या आडनावानंच त्याला हाक मारतात. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' घ्या. साहित्य अकादमीनं २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला आणि दुसऱ्याच वर्षी, २०११ ला, मराठीतला पुरस्कार बोक्याला मिळाला. आडनावासकट. भागवतांना कुणी म्हणालं नाही की फेणे काढा, साहसात आडनाव कशाला. प्रभावळकरांना कुणी म्हणालं नाही की नुसतं बोक्या ठेवा. फेणे हे नाव आहे, सातबंडे हे नाव आहे, आणि कांबळे तेवढी जात आहे! त्यांचं आडनाव वाचताना गंमत वाटते, आमचं आडनाव आलं की साहित्यात राजकारण शिरतं. मग सुमनचं आडनाव काढून जात मोडली जाणार नाही. वाचणाऱ्याच्या कानाला त्रास होणार नाही, एवढंच.

हे दुखणं आपल्यापुरतं आहे असं समजू नका. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, त्यांच्या अमेरिकेतली हकिगत ऐका. सॅम्युएल डिलेनी हा काळा विज्ञानकथाकार. पंचविशी गाठेपर्यंत त्याच्या कादंबरीला तिथला मानाचा नेब्युला पुरस्कार मिळाला होता. १९६७ च्या सुमाराला त्यानं 'नोव्हा' ही कादंबरी जॉन कॅम्पबेल या बड्या संपादकाकडं मासिकात क्रमशः छापायला पाठवली. डिलेनीनंच नंतर लिहून ठेवलंय की कॅम्पबेलला कादंबरी आवडली होती. अडचण एकच, नायक काळा. आपल्या वाचकांना तो आपला वाटणार नाही, म्हणाला. लांबच्या ताऱ्यांकडं जाणारी यानं त्या वाचकांना आपली वाटत होती. काळा माणूस तेवढा परका.

शिकल्या माणसाचं आणि कॅम्पबेलचं म्हणणं एकच आहे, बघा. गोष्ट झकास, नायक बदल.

त्यापुढचं जास्त मजेशीर आहे. कॅम्पबेल १९७१ ला वारला आणि १९७३ पासून तिकडच्या सर्वोत्तम नव्या लेखकाच्या पुरस्काराला त्याचं नाव दिलं गेलं. म्हणजे दर वर्षी कुणीतरी नवा पोरगा, नवी पोरगी त्या नावाचं बक्षीस घरी नेणार. २०१९ ला हाँगकाँगात जन्मलेल्या जेनेट इंग या लेखिकेला ते मिळालं. ती व्यासपीठावर गेली, आणि ज्याच्या नावाचा पुरस्कार हातात, त्यालाच फॅसिस्ट म्हणाली. थोड्याच दिवसांत पुरस्काराचं नाव बदललं. नामांतर झालं! १९७८ चा ठराव ते १४ जानेवारी १९९४, सोळा वर्षं आपल्या माणसांनी एका विद्यापीठाच्या पाटीसाठी काय काय सोसलं ते तुम्हाला मी सांगायला नको. नावात काय असतं हे आपल्याला कुणी विचारू नये.

त्याच अमेरिकेत विज्ञानकथाकारांची संघटना २००६ पासून किशोरांच्या विज्ञान आणि अद्भुत कादंबरीला एक पुरस्कार देते. त्याला नाव आंद्रे नॉर्टनचं. ही बाई जन्माची अ‍ॅलिस मेरी. क्लीव्हलंडच्या ग्रंथालयात मुलांच्या विभागात नोकरी, आणि रात्री साहसकथा लिहायच्या. साहसकथा वाचायची पोरांनी, मग बाईचं नाव कसं चालेल? तिनं १९३४ ला कायद्यानं नाव बदलून पुरुषी केलं. पुरस्कारावर आज तेच बदललेलं नाव आहे. तिला मी दोष देत नाही. ज्याला जगायचं असतं तो वाट काढतो. पण त्या पुरस्काराच्या पाटीवर अ‍ॅलिस कुठंच नाही, हे मनातनं जात नाही.

पन्हाळ्यावर राहणाऱ्याला तर हा विषय टाळताच येत नाही. गडावर शिवा काशीदचा पुतळा आहे. जातीनं न्हावी. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा पडला होता, तेव्हा शिवाजी महाराजांसारखा दिसणारा हा माणूस महाराज बनून दुसऱ्या पालखीत बसला आणि धरला गेला, असं परंपरा सांगते. ओळख पटली तेव्हा जीव गेला. स्वतःचं नाव बाजूला ठेवून दुसऱ्याचं नाव पांघरणारा हा आमचा माणूस. २०२५ च्या जुलैत पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला, गावात फटाके वाजले. त्या दिवशी मला वाटलं, गडाला मिळालेल्या या मानात शिवाचा वाटा किती? पण एक फरक मी पोराला सांगितला. शिवानं नाव सोडलं ते स्वतः ठरवून, आणि कशासाठी सोडतोय ते त्याला नीट ठाऊक होतं. तुला सोडायला सांगतायत ते बक्षिसासाठी.

आता आपल्यातले काही कडक कार्यकर्ते म्हणतील, मग स्पर्धेला पाठवताच कशाला? प्रस्थापितांच्या बक्षिसावर थुंका. मोठ्या कवीनं हे म्हणावं, मी टाळी वाजवीन. नववीतल्या पोरानं म्हणू नये. बक्षीस मिळालं की पुस्तक ग्रंथालयात जातं, शाळेत जातं, दुसऱ्या वस्तीतल्या पोरीच्या हातात पडतं. अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारात पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असतो, पण मला त्यातलं मोलाचं वाटतं ते छापील नाव. आमच्या गिरणीतून सुताचा कोन बाहेर पडतो तेव्हा त्यावर गिरणीचं नाव असतं, सुताचा नंबर असतो. रात्री दोन वाजता ज्यानं धागा सांधला त्याचं नाव नसतं. ज्याचं नाव कधीच कशावर आलं नाही त्याला कीर्तीचा तिटकारा शिकवू नका.

२०१९ ला हाच पुरस्कार 'जंगल खजिन्याचा शोध' या मुलांच्या साहसी कादंबरीला मिळाला. लेखक सलीम सरदार मुल्ला, आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, वनखात्यात वनरक्षकाची नोकरी केलेले. खाकी कपड्यात जंगल तुडवणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, पुरस्काराच्या यादीत आलं. मी ती बातमी कापून वाचनालयात चिकटवली. विज्ञानकथेचं मात्र अजून तितकं बरं चाललेलं नाही. नारळीकरांना २०१४ ला साहित्य अकादमी मिळाली ती 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. २०२१ ला नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तोवर 'कृष्णविवर' लिहून सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

आणि रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला गेला. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं, हे त्यानं शेवटच्या पत्रात लिहून ठेवलं. त्याच्याविषयी मी इथं जास्त लिहू शकत नाही. वाचनालयात ती वही वाचताना मला तो आठवला, एवढंच सांगतो.

आडनावाचा निकाल माझ्या मनात लागला, पण पाकिटाच्या नियमावर माझा एक आक्षेप राहिलाच. नाव पाकिटात बंद केलं तरी भाषा बाहेर राहते. सुमन 'न्हाई' म्हणते, 'कुठं चाललायसा' म्हणते. पुण्यातल्या परीक्षकाला पहिल्या पानावर कळणार, ही वही कुठल्या बाजूची. नारळीकरांना अक्षर तेवढं बदलावं लागलं. मराठी त्यांची सगळ्यांना चालणारीच होती. म्हणून उद्या कुणी 'कांबळे' काढल्यावर 'न्हाई' सुद्धा काढ म्हणेल, मग शेळी काढ, मग वाडा काढ. शेवटी एक स्वच्छ मुलगी स्वच्छ भाषेत अंधारबावीत उतरेल. तिला वर आल्यावर कुणी काही विचारणार नाही, कारण ती कुणाचीच नसेल.

परीक्षकाला लेखकाचं नाव कळू नये, हे मला मान्य आहे. सगळ्या स्पर्धांनी असंच करावं, आपल्या संघटनांनी भरवलेल्या स्पर्धांनीसुद्धा. तिथंही कुणाचा पुतण्या, कुणाच्या गटाचा हे बघून बक्षिसं वाटली जातात, सगळ्यांना माहीत आहे. पण लेखकाचं नाव झाकणं वेगळं आणि गोष्टीतल्या माणसाचं नाव पुसणं वेगळं. पहिल्यानं परीक्षक सरळ राहतो. दुसऱ्यानं लेखक वाकडा होतो, तोही चौदाव्या-पंधराव्या वर्षी. एकदा वाकला की पुढं कुणी सांगितलं नाही तरी आपण होऊन वाकेल.

हे सगळं मी त्याला इतक्या शब्दांत सांगितलं नाही. विचारलं, "सुमनला विचारलंस का?"

तो हसला. म्हणाला, "ती न्हाई म्हणंल."

त्याच्या थोरल्या बहिणीचं अक्षर चांगलं. तिनं अख्खी वही फुलस्केप कागदावर उतरवून दिली, आठ दिवस लागले. मी शुद्धलेखन बघितलं, ते 'न्हाई' सोडून. 'सुमन कांबळे' हे नाव कादंबरीत चौदा वेळा येतं, मी मोजलं. वेगळ्या पाकिटात पोरानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि खळ लावून बंद केलं. पहिल्या पाळीला जाताना मी ते स्पीड पोस्टानं टाकलं. निकाल लागायला अजून अवकाश आहे. तोवर वहीची मूळ प्रत वाचनालयात वरच्या फळीवर ठेवलीया, ज्याला वाचायची त्यानं येऊन वाचावी.